तीन महिन्यांचा हिशोब

२१ एप्रिल, रात्री साडेदहा

आज राष्ट्रीय जनसंपर्क दिन. १९६८ साली याच तारखेला नवी दिल्लीत पहिली अखिल भारतीय जनसंपर्क परिषद भरली होती, त्याची आठवण म्हणून आमच्या व्यवसायातील मंडळी हा दिवस साजरा करतात. सकाळी कार्यालयात छोटा समारंभ झाला, पुष्पगुच्छ मिळाला आणि चोवीस वर्षांच्या नोकरीबद्दल चार शब्द बोलावे लागले. मी बोलले, पण मन मे महिन्यात गुंतले होते. परीक्षा संपून महाविद्यालयांची वसतिगृहे रिकामी होतील, कारखान्यांतील कामगार मुलाबाळांना घेऊन गावी जातील आणि पुणे-चिंचवडच्या रक्तपेढ्यांतून दरवर्षीसारखे फोन सुरू होतील, "ताई, ओ निगेटिव्ह कोणी आहे का?"

शिवजयंतीपासून आंबेडकर जयंतीपर्यंत आपल्याकडे रक्तदान शिबिरांची रीघ लागते, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु रक्त साठवून ठेवण्याला मर्यादा असते. तांबड्या पेशी पिशवीतील द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. फेब्रुवारीत गोळा केलेले रक्त मे महिन्यातील बाळंतिणीच्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. शिवाय एकदा रक्त दिले की पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. हे दोन्ही नियम मला तोंडपाठ होते, पण ते एकत्र मांडून बघायला मला एक मोठी चूक करावी लागली.

तेव्हा मी दुसऱ्या एका कंपनीत होते. वर्धापनदिनाला भव्य शिबिर घेण्याची कल्पना माझी होती आणि ती पार पाडण्यात मी कसलीही कसूर ठेवली नाही. मंडप, पाहुणे, छायाचित्रकार, सायंकाळपर्यंत वर्तमानपत्रांकडे पोहोचलेली बातमी, सगळे चोख होते. कारखान्यातील प्रत्येक खात्यातून माणसे यावीत म्हणून मी आठवडाभर स्वतः फिरले होते. दुसऱ्या दिवशी आकडा छापून आला आणि वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्यानंतर साडेतीन-चार आठवड्यांनी एक वडील आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या मुलीला थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार होता आणि या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. त्यांना कुणीतरी सांगितले होते, की या कंपनीत रक्तदाते पुष्कळ आहेत. मी यादी काढली. मुलीच्या गटाची सतरा माणसे होती आणि सतराही जणांनी त्याच एका दिवशी, माझ्याच आग्रहाने, रक्त दिलेले होते. त्यांतल्या एकालाही आणखी दोन महिने बोलावता येणार नव्हते. त्या गृहस्थांच्या हातात मुलीची फाइल होती, तिच्या कडा हाताळून हाताळून मऊ पडल्या होत्या. त्यांनी तक्रार केली नाही, "बरं, बघतो दुसरीकडे," एवढेच म्हणाले आणि बसथांब्याकडे वळले. मुलीला दुसऱ्या दिवशी रक्त मिळाले, हे मला नंतर कळले, पण ते मिळवण्यात माझा काहीही वाटा नव्हता.

त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही घेतली, आणि आज ती तिसरी वही चालू आहे. तीत दात्याचे नाव, रक्तगट, दूरध्वनी क्रमांक, शेवटचे रक्तदान आणि पुढे कोणत्या तारखेपासून चालेल, एवढेच लिहिते. चारशेच्या वर नावे आहेत. संगणकावरही हा हिशोब ठेवता येईल हे मला ठाऊक आहे, आणि पुतण्याने तो तक्ता करूनही दिला आहे, परंतु रात्री वहीचे पान उलटताना माणूस डोळ्यांपुढे येतो, तसा तक्त्यात येत नाही.

आमच्या व्यवसायात पुष्कळ लोकांचे लक्ष एका वेळी एका जागी खेचणे ही हातोटी समजली जाते. रक्ताच्या कामाला ती हातोटी फारशी लागत नाही; इथे तीच माणसे वर्षभरात पांगवून बसवावी लागतात. मात्र बाकीचे कसब जसेच्या तसे कामाला येते. मोबाइलवर रक्ताची मागणी करणारे कितीतरी संदेश फिरत असतात, ज्यांत ना तारीख असते ना रुग्णालयाचे नाव, आणि रुग्ण केव्हाच घरी गेला तरी त्याच्या नातेवाइकांना वर्षानुवर्षे फोन येत राहतात. प्रेसनोट लिहिताना कोण, कुठे, केव्हा हे पहिल्या ओळीत आले पाहिजे, असे मला पहिल्याच वरिष्ठांनी शिकवले होते. माझ्या संदेशात तारीख, वेळ आणि रक्तपेढी असते, आणि गरज भागली की त्याच सगळ्यांना 'गरज पूर्ण झाली, धन्यवाद' असा दुसरा संदेश जातो. ज्याला उगाच धावपळ करावी लागत नाही, तो पुढच्या वेळी नक्की येतो.

गेल्या रविवारच्या शिबिरात एक सुरक्षारक्षक मुलगी आली होती, विशीतली, गणवेशातच. तंत्रज्ञ ताईंनी तिच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो थेंब सरळ तळाशी जातो. तिचा थेंब मध्येच थबकला, थरथरला आणि हळूहळू वर आला. "नाही चालणार का?" असे तिने विचारले तेव्हा तिचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा झाला. परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात, हे मी इतकी वर्षे बघते आहे. घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या बाईचा थेंब तरंगणारच. मी तिला बाजूला बसवून डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या लिहून घेतल्या आणि तिचेही नाव वहीत लिहिले. तारखेच्या जागी 'ऑगस्टमध्ये तपासणी' असे आहे. रक्तदान शिबिरातून रक्त मिळाले नाही तरी एका मुलीला स्वतःचा अशक्तपणा कळला, हे मला लहान वाटत नाही.

आज संध्याकाळी निगडीच्या एका सोसायटीत बैठक होती. सेक्रेटरी काकांनी १ मेच्या शिबिराचे फलकसुद्धा छापायला टाकले होते. "मॅडम, दोनशेचा आकडा गाठायचा. महाराष्ट्र दिन आहे, मोठा मंडप घालू." उत्साह खरा होता, त्यामुळे नकार देणे जड जात होते. मी म्हटले, "काका, तुमच्याकडे दोनशे माणसे असतील तर ती माझ्यासाठी सोने आहेत. पण १ मेला पन्नासच द्या. उरलेली मेच्या दोन आणि जूनच्या एका रविवारी बोलवू." काकांना ते पटेना, पन्नासांची बातमी कोण छापणार, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, "मामंजींच्या बायपासच्या वेळी मे महिनाच होता. चार माणसं मिळवायला तुम्ही रात्रभर फिरला होतात." काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी दिनदर्शिका भिंतीवरून काढून माझ्यापुढे ठेवली आणि आम्ही चार तारखांभोवती पेनने गोल केले.

बातमीचे मी बघेन, असे त्यांना सांगून आले आहे. ८ मे हा जागतिक थॅलेसेमिया दिन. त्या सुमाराला शहराच्या पानावर पन्नासांचा आकडा न देता, मेमध्ये रक्त का आटते आणि एकाऐवजी चार तारखा का हव्यात, एवढेच नीट मांडले तर छापतील, अशी माझी खात्री आहे.

आता उद्याची नावे काढून ठेवली आहेत. त्यांतले एक फिटर दादा रात्रपाळीला आहेत. त्यांचे तीन महिने कालच पूर्ण झाले. पाळीवरून सुटल्या सुटल्या ते थेट रक्तपेढीत जायला निघतील, तसा त्यांचा स्वभावच आहे. पण जागरणानंतर झोप न घेता रक्त देऊ नये, म्हणून सकाळी सातला ते फाटकाबाहेर पडण्याआधी त्यांना फोन करायचा आहे, की आधी घरी जा, जेवा, झोपा आणि चारनंतर या.