‘ज्ञानेश्वरी’ची लांबी किती?

‘ज्ञानेश्वरी’त अक्षरं किती? शाळकरी पोर चार सांगेल: ज्ञा, ने, श्व, री. वेब पानांच्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेला ‘लेंग्थ’ (लांबी) विचारा, उत्तर येतं ११. आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवलेल्या फाइलमध्ये हा शब्द ३३ बाइट (साठवणीची एककं) जागा खातो. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, मोजलेल्या वस्तू मात्र वेगळ्या.

युनिकोड या लिप्यांच्या जागतिक मानकाने प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलाय, तो कोड पॉइंट. ‘म’चा २३५०. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांनाही स्वतःचे क्रमांक आहेत. ‘ज्ञ’ला मात्र नाही! तो ज, हलन्त आणि ञ असा तिघांचा बनतो. जावास्क्रिप्टचे ११ म्हणजे हीच मोजणी. आता फॉर्ममधल्या रकान्याला ‘मॅक्सलेंग्थ’ (कमाल लांबी) १० लावा आणि हा शब्द पेस्ट करा. शेवटची वेलांटी गळते, ग्रंथाऐवजी ‘ज्ञानेश्वर’ उरतात. मराठी नावाच्या रकान्याला अक्षरं मोजून मर्यादा घालू नका, निदान तिप्पट धरा.

क्रमांक डिस्कवर कसा लिहायचा, हे एन्कोडिंग ठरवतं. बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, त्यामुळे यूटीएफ-८ मध्ये २३५० चे तीन बाइट होतात: २२४, १६४, १७४. ब्राउझरने ते चुकून जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने वाचले, की एका ‘म’च्या जागी तीन चिन्हं उमटतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह आणि वर्तुळातला आर.

पडद्यावर काय दिसतंय, त्यावरून बिघाड ओळखता येतो. असा रोमन कचरा दिसला तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचणारा चुकलाय. रिकामे चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते चिन्हच नाही. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर आधी डेटाबेस तपासा. साठवतानाच अक्षरं गेली असतील, तर बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

कचऱ्यावर उपाय: फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि पानाचं एन्कोडिंग सांगणारी मेटा चारसेटची ओळ एचटीएमएलच्या ‘हेड’ भागात अगदी वर ठेवा, ती पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवी. तरीही कचराच दिसला तर ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये ‘कंटेंट-टाइप’ पाहा. सर्व्हरने पानासोबतच्या हेडरमध्ये (माहितीच्या ओळींमध्ये) वेगळं एन्कोडिंग पाठवलं असेल, तर मेटा टॅगचं कोणी ऐकत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ हे एन्कोडिंग निवडा. त्यातला जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांचा, म्हणजे मराठी त्यात बसते आणि पहिला इमोजी येईपर्यंत सगळं सुरळीत वाटतं.

सगळ्यात छुपी चूक ‘ऱ’ची. समुद्र तो ‘दर्या’, डोंगरातल्या त्या ‘दऱ्या’. हा ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: थेट २३५३ किंवा साधा र (२३५२) अधिक नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब (२३६४). डोळ्यांना फरक कळत नाही, पण थेट तुलना करणाऱ्या कोडला हे दोन वेगळे शब्द वाटतात. मग यादीत समोर दिसणारा ‘गोऱ्हे’ शोधला तरी सापडत नाही. जावास्क्रिप्टचं ‘नॉर्मलाइझ’ फंक्शन दोन्ही रूपं २३५३ वर आणतं. ते साठवण्याआधी चालवाच, आणि शोधाच्या खिडकीत टाइप केलेल्या शब्दावरही चालवा. दुसरी पायरी हमखास विसरली जाते.