मासळीने चुकवलेली तारीख आणि तिसरा रिचर्ड

लेस्टरच्या कार पार्कखाली २०१२ साली सापडलेला सांगाडा इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचाच, हे ठरलं तेव्हा गवगवा झाला तो डीएनएचा. कार्बन कालमापनाने मात्र आधी घोळच घातला होता. बरगड्यांचे नमुने दोन ठिकाणी तपासले, उत्तर आलं साधारण १४१२ ते १४६०. रिचर्ड तर बॉस्वर्थच्या लढाईत पडला २२ ऑगस्ट १४८५ ला. मग हाडं दुसऱ्याच कुणाची?

दोष यंत्रांचा नव्हता, मासळीचा होता. कालमापन मोजतं तो कार्बन-१४ काळाबरोबर घटत जातो, म्हणून तो जितका कमी तितकं हाड जुनं धरतात. पण समुद्राच्या पाण्यात तो मुळातच हवेतल्यापेक्षा कमी असतो. तो माशांत उतरतो आणि माशांतून खाणाऱ्याच्या हाडांत. त्यामुळे मासळीवर ताव मारणारा माणूस कालमापनात उगाच जुना निघतो. या हाडांतल्या कोलॅजन या प्रथिनाने ताटात समुद्री अन्न बरंच असल्याचं सांगितलं. ती दुरुस्ती धरली तेव्हा तारीख १४७५ ते १५३० वर सरकली, तीही ६९ टक्के खात्रीने. याने रिचर्ड सिद्ध होत नाही, फक्त बाद होत नाही, एवढंच.

डीएनएही एकटा पुरत नाही. मातृवंशाचा डीएनए रिचर्डच्या बहिणीच्या वंशातल्या दोघांशी ताडून पाहिला. एकाशी तंतोतंत जुळला, दुसऱ्याशी एका अक्षराच्या फरकाने. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र मात्र पितृवंशातल्या वंशजांशी जुळलंच नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप वेगळा.

म्हणून सांगाडा स्वतः काय सांगतो ते मोलाचं. कणा बाजूला वाकलेला, पण कुबड नाही. पुतण्यांना नाहीसं केल्याचा ठपका असलेल्या या राजाला ते बदनामीने चिकटवलं. मरतेवेळच्या ११ जखमा, त्यातल्या ९ कवटीवर. खड्डा अंगापेक्षा आखूड खणलेला, त्यामुळे डोकं कडेला टेकून वर राहिलेलं. शवपेटी नाही. पावलं बहुधा नंतरच्या बांधकामात गेली.

पुन्हा पुरायचं कुठे, यावरून यॉर्क शहरातच पुरा म्हणणारे कोर्टात गेले आणि मे २०१४ मध्ये हरले. २६ मार्च २०१५ ला लेस्टर कॅथीड्रलमध्ये दफन झालं. हाडं आधी शिशाच्या पेटीत, ती ओकच्या शवपेटीत. ही शवपेटी घडवणारा सुतार म्हणजे डीएनए तंतोतंत जुळलेला तोच वंशज.