बाहेरून येणारी पॅकेटं दारातच ओळखा

लातूरच्या एखाद्या क्लासचं चित्र घ्या. १०० एमबीपीएसची फायबर लाइन, एका हॉलमध्ये ऑनलाइन डाउट सेशन, ऑफिसात चार आयपी फोन, आणि लॅबमधली तीस मशीनं एकाच वेळी विंडोज अपडेट ओढतायत. आवाज तुटायला लागतो. मग लाइन २०० ची करतात, तरी आवाज तुटतोच, कारण डाउनलोडला जेवढं द्याल तेवढं ते खातं. उपाय म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा (डेटाच्या छोट्या तुकड्याचा) वर्ग ओळखणं आणि आवाजाला रांगेत पुढं घेणं.

खरं तर फोनला लागतं किती? जी.७११ कोडेकचा (आवाजाचा डेटा करणाऱ्या पद्धतीचा) एक कॉल सेकंदाला ५० पॅकेटं पाठवतो. प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट हेडर (पत्ता वगैरे माहिती), म्हणजे एका दिशेला ८० केबीपीएस. दहा कॉल चालले तरी १ एमबीपीएस भरत नाही. पॅकेट रांगेत अडकतं, हे खरं दुखणं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या वर गेला की बोलणारे एकमेकांवर बोलायला लागतात.

पॅकेटचा वर्ग आयपी हेडरमधल्या डीएससीपी नावाच्या छोट्या रकान्यात लिहितात. सहा बिट, म्हणजे ६४ किमती. छोट्या ऑफिसला चार वर्ग पुरे: आवाजाला ईएफ म्हणजे ४६, व्हिडिओ मीटिंगला एएफ४१ म्हणजे ३४, बाकी सगळ्याला ०, आणि अपडेट-बॅकअपसारख्या अवजड कामाला सीएस१ म्हणजे ८. बारा वर्ग करणारे लोक सहा महिन्यांनी स्वतःचेच नियम वाचू शकत नाहीत.

बाहेरून आलेल्या मार्किंगवर (पॅकेटवर आधीच लिहिलेल्या वर्गावर) विश्वास ठेवू नका. बऱ्याच लाइनवर ते वाटेतच शून्य होतं, आणि कधी भलत्याच डाउनलोडवर ४६ लागलेलं येतं. म्हणून वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) आधी सगळं ० करा, मग आपल्या नियमांनी मार्क करा. आतल्या बाजूला स्विचवर फोनच्या पोर्टवर ट्रस्ट ठेवा (म्हणजे फोननं लिहिलेला वर्ग तसाच राहू द्या), पीसीच्या पोर्टवर नको. सिस्कोच्या जुन्या कॅटॅलिस्ट २९६० स्विचवर क्यूओएस (वर्गवार प्राधान्य) चालू केलं आणि पोर्टला ट्रस्ट द्यायचं राहिलं, तर स्विच फोनचं ४६ पुसून ० करतो. आवाजाची तक्रार आली की मी आधी तिथंच बघायला सांगेन.

आपल्याकडं मायक्रोटिकचा राउटर सगळीकडं आहे, म्हणून त्याचंच सांगतो. मॅंगलमध्ये (पॅकेटला खूण करणाऱ्या नियमांच्या यादीत) प्रत्येक पॅकेट ओळखत बसू नका. नवीन कनेक्शन ओळखून त्याला कनेक्शन मार्क द्या, पासथ्रू चालू ठेवा (म्हणजे पॅकेट पुढच्या नियमाकडंही जाईल). मग त्या मार्कवरून पॅकेट मार्क द्या, तिथं पासथ्रू बंद. बाहेरून येणारं उत्तर त्याच कनेक्शनचं असल्यानं त्याचा वर्ग आपोआप ठरतो. नियम बरोबर आणि काउंटर मात्र जेमतेम सरकतोय, असं दिसलं तर फास्टट्रॅक (ओळखीच्या कनेक्शनची पॅकेटं झटपट पुढं सोडणारी सोय) चालू आहे. ते मॅंगलला आणि ग्लोबल क्यू ट्रीला (राउटरच्या सामायिक रांगांना) वळसा घालतं. ते बंद करा आणि सीपीयूवर लक्ष ठेवा.

ओळखायचं कशावरून? सिग्नलिंगला (कॉल जोडणं-तोडणं) पोर्ट ५०६०, आवाजाला पीबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या फोन एक्स्चेंजमध्ये, दिलेली यूडीपी पोर्टांची रेंज (अ‍ॅस्टरिस्कमध्ये मूळची १०००० ते २००००). टीम्सचा मीडिया यूडीपी ३४७८ ते ३४८१ वर, झूमचा ८८०१ ते ८८१० वर. ४४३ वर मात्र काहीच ठरवू नका. आज सगळं तिथूनच जातं, यूडीपीवर चालणारा वेबचा क्विक प्रोटोकॉलसुद्धा. तिथं बाइट मोजा: ४४३ वरचं कनेक्शन १० एमबीच्या पुढं गेलं की ते अवजड वर्गात. यात एक खोच आहे. फायरवॉलनं यूडीपी अडवलं असेल तर मीटिंग टीसीपी ४४३ वर येते आणि काही मिनिटांत अवजड ठरते. मीटिंगचे यूडीपी पोर्ट उघडे ठेवा.

राउटर लिनक्सचा असेल तर खोच वेगळी. आत येणारं पॅकेट आधी टीसीच्या (रांगा सांभाळणाऱ्या साधनाच्या) इन्ग्रेसला, म्हणजे आत येण्याच्या दाराला लागतं, आयपीटेबल्स (फायरवॉलचे नियम) नंतर. म्हणून आयएफबीवरच्या (आत येणाऱ्या पॅकेटांसाठीच्या आभासी इंटरफेसवरच्या) रांगेला आयपीटेबल्सच्या प्रीराउटिंग टप्प्यातलं मार्किंग दिसत नाही, आणि नॅट (आतल्या-बाहेरच्या पत्त्यांची अदलाबदल) उलगडलेलं नसल्यानं आतल्या मशीनचा १९२.१६८ चा पत्ताही जुळत नाही. उपाय दोन: कर्नल ५.३ पासूनची टीसीची सीटीइन्फो अ‍ॅक्शन कनेक्शनमध्ये साठवलेलं डीएससीपी परत लावते. किंवा लॅन इंटरफेस एकच असेल तर सरळ त्याच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला शेपिंग करा, म्हणजे वेग बांधा.

कारण नुसतं मार्किंग काही करत नाही. रांग प्रोव्हायडरच्या डब्यात लागत असेल तर तुमचे वर्ग तिथं कुणी विचारत नाही. वेग थोडा कमी बांधून रांग आपल्या राउटरवर आणावी लागते. संध्याकाळी, गर्दीच्या वेळी स्पीड मोजा. ७० मिळत असेल तर ७० च्या ९० टक्के, म्हणजे ६३ लावा. १०० च्या हिशेबानं ९० लावलं तर सगळी मेहनत वाया. केक ही रांग-पद्धत वापरत असाल तर तिचा डिफसर्व्ह४ प्रकार घ्या, वरचे चारही वर्ग त्यात नीट बसतात.

वायफायवर ४६ चे वरचे तीन बिट घेतले की प्राधान्याचा आकडा ५ येतो, आणि पॅकेट आवाजाऐवजी व्हिडिओच्या रांगेत जातं. अ‍ॅक्सेस पॉइंटवर ४६ ला ६ जोडा.

तपासायला टीसीपीडम्प (पॅकेटं दाखवणारं साधन) लॅनच्या बाजूला लावा. चालू कॉलच्या आत येणाऱ्या पॅकेटवर टॉस बाइट (ज्यात डीएससीपी असतं तो) ४६ × ४, म्हणजे १८४ दिसला पाहिजे (टीसीपीडम्प तो हेक्समध्ये दाखवतो). ० दिसला तर नियम लागलेला नाही.

आणि लाइट गेल्यावरचं बघून ठेवा. फायबरच्या पलीकडच्या डब्याची बॅटरी संपते, राउटर फोरजी डोंगलवर येतो, आणि शेपर तसाच ६३ वर बसतो. डोंगलवर १२ मिळत असतील तर त्या शेपरचा काही उपयोग नाही. मायक्रोटिकच्या नेटवॉचच्या (लाइन चालू आहे का ते बघणाऱ्या साधनाच्या) स्क्रिप्टमध्ये लाइन बदलताच शेपरचा आकडा ११ वर आणा, अवजड वर्गाला २ ची मर्यादा घाला, आणि फायबर परत आल्यावर दोन्ही पूर्ववत करणारी ओळही तिथंच लिहा.