रात्री एक वाजता भरलेले सकाळचे रकाने

रात्री एकच्या राउंडला मेडिकल वॉर्डातला एक चार्ट हातात घेतला. पॅरालिसिसचे आजोबा, दर दोन तासांनी कूस बदलायची. सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या रकान्यांत टिक आणि सही तयार! सिस्टरला काही बोलले नाही. वॉर्डात होते तेव्हा मीही हेच करायचे.

बेडसोअरच्या, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या, नोंदी सुधारायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी लेक्चरच ठेवलं. दुपारी, ड्यूटी सुटल्यावर, प्रोजेक्टर लावून ब्रेडन स्केल, म्हणजे बेडसोअरचा धोका गुणांत मोजायची पद्धत. निम्म्या जणी पेंगल्या. नंतर कागद पाहिले, तर बऱ्याच जणींनी गुण कमी म्हणजे धोका कमी असं धरलेलं. असतं नेमकं उलटं: २३ गुण म्हणजे उत्तम, १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं.

मग लेक्चर बंद. हँडओव्हरनंतर दहा मिनिटं, पेशंटच्या बेडजवळच. लाल भाग बोटाने दाबायचा. पांढरा पडला नाही तर स्टेज १, म्हणजे बेडसोअरची सुरुवात. पण आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली कुठली दिसायला? म्हणून हात लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का. एकाच जखमेची नोंद कुणी ‘लहान’, कुणी ‘लिंबाएवढी’ अशी करायची. पट्टी आणली. डोक्याकडून पायाकडे ती लांबी, आडवी ती रुंदी, सेंटिमीटरमध्ये. आणि स्टेज ४ची, म्हणजे सगळ्यात खोल, जखम भरत आली तरी ती स्टेज ३ होत नाही, भरत आलेली स्टेज ४च लिहायची. यावर सगळ्यात जास्त वाद झाला.

खरी अडचण वेगळीच होती. एक सीनियर सिस्टर म्हणाली, “मॅडम, लिहिलं की मेमो येतो. न लिहिलेलं कोण बघतं?” मी मेट्रनकडे गेले. खऱ्या नोंदीवरून मेमो काढायचा नाही, एवढं कबूल करून घ्यायला तीन चकरा झाल्या. पेशंट ॲडमिट होतानाच नातेवाइकांसमोर पाठ, माकडहाड, टाचा बघून लिहायचं ठरलं. जखम घरून आली की इथे झाली, हे भांडण बरंच मिटलं.

पहिल्या महिन्यात आकडा वाढला. क्वालिटीच्या मीटिंगमध्ये विचारलं, “ट्रेनिंगनंतर बेडसोअर वाढले कसे?” आधीचे लिहिलेच जात नव्हते, हे पटवताना माझा घसा सुकला.

परवा त्याच वॉर्डात चारचा रकाना रिकामा होता. शेजारी लिहिलेलं: ‘बेड ७ला सीपीआर चालू. कूस ५.२० ला बदलली.’ खाली मी सही केली.