बारा फुटांवरून दोन फुटांवर: भुऱ्या आणि चिंगीची आठ आठवड्यांची नोंद

पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या खळ्यातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात मांजरीचं पिल्लू सापडलं. दोन दिवस लांबून लक्ष ठेवलं, पण आई फिरकली नाही, म्हणून घरी आणलं. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन भरलं 520 ग्रॅम. कान ताठ उभे, डोळे अजून निळे. मांजराचं पिल्लू सुरुवातीला आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढतं, त्या हिशेबाने ते पाचेक आठवड्यांचं असावं. नाव ठेवलं चिंगी.

अडचण होती भुऱ्याची. आमचा गावठी कुत्रा, वय दोन वर्षं, अमळनेर तालुक्यातल्या या गावातच वाढलेला. मांजर म्हणजे पळणारी वस्तू, एवढीच त्याची ओळख. दोघांच्या वयाचा फरक मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार होतं. मांजराच्या पिल्लाचा नवं ते आपलं मानून घेण्याचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. कुत्र्याच्या पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंतचा. चिंगीकडे अजून दोन आठवडे शिल्लक होते, भुऱ्याचा काळ कधीच सरला होता. म्हणून चिंगीला लवकर माणसाळवायचं आणि भुऱ्याला घाई अजिबात करायची नाही, असं ठरवलं.

पहिले दोन आठवडे

चिंगी मागच्या खोलीत, दार बंद. घमेल्यात बारीक वाळू, खाणं त्यापासून लांब दुसऱ्या कोपऱ्यात. डॉक्टरांकडून जंताचं औषध दिलं. भुऱ्याची रेबीजची लस चालू वर्षाची आहे, हे कार्ड काढून पाहिलं.

गोधडीचे दोन तुकडे केले. एक चिंगीखाली, एक भुऱ्याखाली, आणि रोज अदलाबदल. पहिल्या दिवशी भुऱ्याने तिचा तुकडा हुंगला आणि अंगावरचे केस उभे केले. चौथ्या दिवशी हुंगून त्यावरच झोपला. मग दोघांच्या थाळ्या दाराच्या दोन बाजूंना ठेवल्या, आधी लांब, रोज एकेक वीत जवळ. दाराखाली दोन बोटांची फट आहे, तेवढ्यातून वास पुरेसा जातो.

याच काळात शब्दांचा घोळ निस्तरला. मी त्याला “बस” म्हणायची, पुतण्या “सीट”, आणि आजी अहिराणीत “बठ”. भुऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा आणि हट्टी ठरायचा. आता घरात सगळ्यांनी आजीचेच शब्द घ्यायचे: “बठ” (बस) आणि “आठे ये” (इकडे ये). चार दिवसांत फरक दिसला. तुमचा कुत्रा ऐकत नसेल तर आधी घरातल्या माणसांचे शब्द मोजा, ही माझी मनापासूनची विनंती.

बरोबर वागल्याची खूण म्हणून जिभेने “टक” करते आणि लगेच खाऊ देते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या कुत्र्यांना खाणं दिसण्याआधी जशी लाळ सुटायची, तसा भुऱ्याचा आता “टक” ऐकताच माझ्या हाताकडे मोहरा वळतो. खूण त्याच क्षणाला पडली पाहिजे. दोन सेकंदांनी केलेली “टक” भलत्याच गोष्टीला चिकटते. साध्या कामाला दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, भाकरीचा तुकडा, अवघड कामाला उकडलेली कोंबडीची कलेजी, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी असतो, म्हणून रश्शातला तुकडा धुऊनही देऊ नका.

तिसरा आठवडा

समोरासमोर आणलं. ओसरीच्या एका टोकाला भुऱ्या गोणपाटावर, दोरीत. दुसऱ्या टोकाला, बारा फुटांवर, चिंगी. दोरी सैल सोडली. ताणलेली दोरी कुत्र्याला कळते, आणि तो आणखी पुढे झोकतो. खेळ एकच: त्याने चिंगीकडे बघितलं की “टक” आणि कलेजी. दुसऱ्या दिवशी तो तिला बघून आपण होऊन माझ्याकडे मान वळवायला लागला.

पाचव्या दिवशी घरातल्या कुणीतरी मधलं दार उघडं टाकलं. चिंगी पळाली, मागे भुऱ्या. ती कोठीमागे शिरली म्हणून वाचली. मी ओरडले. माझ्या ओरडण्याने त्याला आणखी चेव आला, हे मला त्याच्या शेपटीवरून दिसलं. चिंगी त्या रात्री जेवली नाही. पुन्हा बारा फुटांवर गेले.

त्या रात्री वहीत लिहिलं: त्याला मांजर नाही, मांजराचं पळणं ओढतं. मग सहा दिवस चिंगीशिवाय सराव केला. चिंध्यांचा चेंडू सुतळीला बांधून पुतण्या ओढायचा, आधी हळू, मग जोरात, आणि भुऱ्याने गोणपाटावर पडून राहायचं. चेंडू सुसाट जातोय आणि तो माझ्याकडे बघतोय, हे साधल्यावरच चिंगीला परत आणलं.

मिटलेलं तोंड

या आठ आठवड्यांतली सगळ्यात मोलाची नोंद ही आहे. कुत्रा अस्वस्थ असला की धापा टाकतो, हे आपण सगळे वाचतो. पण आमच्याकडे चैत्रातच पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या तळव्यांना, बाकी अंग गार करायचं ते जीभ बाहेर काढूनच. म्हणजे खान्देशात उन्हाळ्यात कुत्रा दिवसभर धापा टाकणारच. त्यावरून काय ओळखणार?

मी उलट बाजूने बघायला लागले. एका सकाळी सहाच्या सुमारास चिंगी कडब्याच्या काडीशी खेळत होती, आठ फुटांवर. भुऱ्याची जीभ लोंबत होती. काडी उडाली, चिंगीने उडी मारली, आणि भुऱ्याचं तोंड मिटलं. ओठांचे कोपरे पुढे आले, कान पुढे, डावा पंजा जमिनीपासून दोन बोटं वर. श्वासाचा आवाज बंद. मी हलले नाही. त्याने आवंढा गिळला, नाक चाटलं आणि मान माझ्याकडे फिरवली. “टक.” तोंड पुन्हा उघडलं.

तेव्हापासून मी शेपटी सोडून तोंड बघते. तोंड मिटल्यावर दोन-तीन सेकंद हातात असतात. तेवढ्यात “आठे ये” म्हटलं तर तो येतो. पंजा उचलल्यानंतर म्हटलं तर दहातून तीनदा येतो.

शेजारचे नाना रोज बघायला येतात. भुऱ्या थाळीपाशी गुरगुरला तेव्हा म्हणाले, “हान ना त्याले, मंग समजी जाई.” त्यांचा जीव आहे भुऱ्यावर, पण मी नाही म्हटलं. गुरगुर म्हणजे त्याने दिलेली सूचना. ती मारून बंद केली तर कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो. मी थाळीजवळून जाताना लांबूनच कलेजी टाकत गेले. आता माझं पाऊल वाजलं की तो मान वर करून वाट बघतो.

चिंगीचं

तिला हात चावायची सवय लागत होती, कारण आम्हीच बोटं नाचवून खेळायचो. ते पूर्ण थांबवलं. काठीला चिंध्या बांधून खेळ, दात लागले की खेळ तिथेच बंद. खेळाच्या शेवटी चिंधी पकडू द्यायची आणि लगेच जेवण. दबा, झडप, खाणं, झोप, हा तिचा क्रम पुरा झाला की रात्रीचा धिंगाणा निम्म्याने कमी होतो. बाजेची सुंभं ओरबाडायची, म्हणून शेजारी गोणपाट गुंडाळलेला खांब उभा केला. पाचव्या दिवशी तिने तो धरला.

डोळे हळू मिटून उघडणं जरूर करून बघा. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की माणसाने असं केलं तर मांजर उलट तसंच करतं आणि जवळ यायला अधिक तयार होतं. चिंगी आता भुऱ्याकडे बघूनही तसे डोळे मिटते. त्याला ते कळतं की नाही, माहीत नाही.

सहावा ते आठवा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर पाहुण्यांनी भरलं. अंगणात झोका, मुलींची गाणी, खापरावरच्या पुरणपोळ्या. त्या दिवशी सराव नाही, दोघं वेगळ्या खोल्यांत. सणाला कुत्र्याची परीक्षा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. फक्त संध्याकाळी पाहुणे गेल्यावर दहा मिनिटं गोणपाट.

सध्या अंतर दोन फूट. दोरी बांधलेली, पण जमिनीवर पडलेली. चिंगी 1 किलो 300 ग्रॅम, पहिल्या लसी झाल्या, आता रेबीजची. सराव सकाळी सहाला आणि दिवेलागणीनंतर, दर वेळी पाच-सहा मिनिटं. रात्री अजून वेगळंच ठेवते. काल चिंगीने त्याच्या शेपटीवर पंजा मारला. त्याचं तोंड मिटलं, मी थांबले. त्याने जांभई दिली, मान पलीकडे वळवली आणि गोणपाटावर एक वीत मागे सरकून तिला जागा दिली.