परीक्षेचा देव

जपानी माणसाला धर्म विचारा, पुष्कळदा तो 'तसा काही नाही' म्हणून मोकळा होतो. आणि जानेवारीत तोक्योच्या कामेइदो तेन्जिन या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात जा, पाय ठेवायला जागा नसते. परीक्षांचे दिवस ना!

इथला देव एकेकाळचा हाडामांसाचा माणूस. सुगावारा नो मिचिझाने, जन्म ८४५ चा. पंडित, कवी, दरबारातला बडा मंत्री. विरोधकांनी सम्राटाचे कान भरले आणि ९०१ साली त्यांची रवानगी दूर क्यूशू बेटावरच्या दाझाइफूला झाली. दोन वर्षांत तिथेच गेले. मग तेव्हाच्या राजधानीत, क्योतोत, एकेक विरोधक मरू लागला. ९३० साली तर थेट राजवाड्यावर वीज कोसळली. दरबाराची पाचावर धारण बसली. हा मिचिझान्यांचाच कोप, असं ठरलं आणि ज्याला हाकललं त्याचीच पूजा सुरू झाली. वाटेवरच्या म्हसोबाला शेंदूर फासताना भक्तीच्या आधी धाक असतो, तसलाच प्रकार. या कोपिष्ट देवाचा विद्येचा देव व्हायला पुढे कितीतरी काळ गेला. कामेइदोचं देऊळ त्या मानानं अलीकडचं, १६६२ सालचं.

एप्रिलअखेरीला इथे विस्टेरियाच्या वेलीवर फुलांचे जांभळे घोस लोंबतात. तेव्हाची गर्दी कॅमेरेवाल्यांची; मला जानेवारीतली आवडते. हात धुवायचे, चूळ भरायची, दानपेटीत नाणं टाकायचं, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. झालं दर्शन! तुम्ही कोण, कुठले, कुणी विचारत नाही.

आवारात एक बसलेला बैल आहे, मिचिझान्यांचा लाडका प्राणी. आपलं जे दुखतं, बैलाच्या त्याच जागी हात फिरवायचा. परीक्षार्थी अर्थातच डोकं चोळतात. शेजारी 'एमा' नावाच्या लाकडी पाट्यांचे थर, एकीवर एक, खालची खुंटीही दिसू नये इतके. पाटीवर हव्या त्या विद्यापीठाचं नाव. काही अक्षरं इतकी वळणदार असतात, की ही पाटी आईनं लिहिली हे सांगावं लागत नाही.

२४ आणि २५ जानेवारीला लोक लाकडात कोरलेला गेल्या वर्षीचा 'उसो' पक्षी परत करून नवा नेतात. जुन्याबरोबर वर्षाची इडापिडाही गेली, असा हिशेब. सोय उत्तम आहे.

आणि एवढं करून कुणी देवावर विसंबून राहतं म्हणावं, तर देवळातून निघालेली ती पोरं आगगाडीत बसल्या बसल्या दप्तरातून शब्दांची कार्डं काढतात. डब्यात वर जाहिराती असतातच, क्लासवाल्यांच्या.