लिबर्टीवरचे बॅरल स्पंज: तुलांबेनची पुढची नोंद

मंडळी, बालीहून आलो, फोटो लावून झाले, आता नोंद.

बालीच्या तुलांबेन किनाऱ्याचं लिबर्टी जहाज १९४२ साली जपानी टॉर्पेडो लागून निकामी झालं. ते किनाऱ्यावर ओढून ठेवलं होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी भडकला तेव्हा ते पाण्यात सरकलं. बॅरल स्पंज, म्हणजे समुद्रतळाला चिकटून राहणारा पिंपाच्या आकाराचा प्राणी, टिपणाऱ्यांसाठी ही तारीख म्हणजे सोनं आहे. त्याच्या अंगात वय मोजायला वर्तुळं नसतात, पण या लोखंडावर जो बसलाय तो १९६३ च्या आधीचा असूच शकत नाही.

म्हणून या खेपेला जहाजावरचा सगळ्यात मोठा आणि जवळच्या ड्रॉप-ऑफवरचा (पाण्याखालच्या खोल उतरत्या कड्यावरचा) एक, असे दोन स्पंज एकाच पद्धतीने टिपले. शेजारी खुणांची पीव्हीसी नळी, कॅमेरा बुंध्याच्या उंचीवर. ड्रॉप-ऑफवरचा बुंधा बराच रुंद भरला. पण त्यावरून तो जुनाच, असं म्हणायला मी धजणार नाही. फ्लोरिडात कॅरिबियन जातीवर झालेल्या, २००८ साली छापून आलेल्या अभ्यासात वाढीचा वेग स्पंजागणिक प्रचंड बदलत होता. लहान भराभर वाढतात, मोठे अगदी सावकाश. त्याच हिशेबाने कॅरिबियनमधल्या सगळ्यात मोठ्याचं वय २,३०० वर्षांवर जातं! आपली झेस्टोस्पॉन्जिया टेस्टुडिनारिया ही जात वेगळी, तेव्हा तो आकडा इथे लावू नये.

मॅक्रो लेन्स मात्र बाहेरच्या भिंतीवरच रमली. टॉर्च पडताच मळकट तपकिरी रंग लालसर गुलाबी होतो. उभ्या पन्हाळींमध्ये बारीक छिद्रं असतात, पाणी तिथून आत शिरतं. आतल्या चाबूकपेशी (चाबकासारखी शेपटी हलवणाऱ्या पेशी) ते ओढतात, बॅक्टेरिया गाळून घेतात, आणि उरलेलं पाणी वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडतं. ना मेंदू, ना स्नायू, तरी हे अखंड चालू. एका पन्हाळीत लॉरिया सियागियानी हा केसाळ स्क्वॉट लॉबस्टर (खेकड्यासारखा दिसणारा जीव) बसला होता: नखाएवढा, गुलाबी-जांभळा, अंगभर लांब केस. श्वास रोखून नव्हे, अगदी संथ सोडत थांबलो, तेव्हा कुठे तो कडेला आला.

स्पंजाच्या तोंडात उतरून फोटो काढणाऱ्यांना कृपया थांबवा. काठ मोडला की जखम भरायला वेळ लागतो.

कुणाकडे लिबर्टीवरच्या स्पंजांचे जुने फोटो असतील तर तारीख, खोली आणि जहाजाचा कुठला भाग, एवढं लिहून पाठवा. बुंधा दिसत असेल तर अंधूक फोटोही चालेल.